प्रभात कशी उभी राहिली, का मिटली, आणि जालन्याच्या पाच मित्रांनी त्यातून काय घ्यावं

जालन्याच्या एका तरुणानं विचारलं आहे: “आम्ही पाच मित्र मिळून जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये छोटा स्टुडिओ काढायच्या विचारात आहोत. जो तो म्हणतो, प्रभातसारखं करा. ती प्रभात नेमकी कुणी आणि कशाच्या जोरावर उभी केली? एवढी नावाजलेली कंपनी चोवीस वर्षांत बंद का पडली? आणि आपल्या मराठवाड्याशी तिचा काही संबंध लागतो का?”

तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून सलगच लिहितो. माझं आयुष्य नेपथ्यात गेलं. अंबाजोगाई, लातूर, परभणीकडच्या नाटकांचे सेट, राज्य नाट्य स्पर्धेची धावपळ, आणि अलीकडे काही मराठी चित्रपटांसाठी वाडे, देवळं, गल्ल्या उभ्या करणं. त्यामुळे प्रभातकडे मी सुतारकाम आणि रंगकामाच्या बाजूनं बघतो. नटनट्यांच्या गोष्टी तुम्हाला इतरत्र भरपूर मिळतील. ती कंपनी कारागिरांची होती, हे मात्र फारसं कुणी नीट सांगत नाही, आणि तुमच्या कामाचं तेच आहे.

प्रभात जन्मली कोल्हापुरात. पुणं नंतर आलं. तिच्याही आधीची गोष्ट सुरू होते नाटकाच्या पडद्यापासून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाटक कंपन्यांना राजवाडा, जंगल, रस्ता असे रंगवलेले पडदे लागत. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले चुलतभाऊ हे काम करत आणि त्यांची ख्याती अशी होती की ‘पेंटर’ हेच त्यांचं आडनाव झालं. दोघांना सिनेमाचं वेड लागलं. परदेशी कॅमेरा घेणं परवडणारं नव्हतं, तेव्हा त्यांनी तो इथंच बनवायला घेतला. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, आणि त्यांच्या हाताखालच्या विष्णुपंत दामले नावाच्या तरुणाला घेऊन कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. ‘सिंहगड’साठी 1923 मध्ये त्यांनी कृत्रिम उजेड वापरला, आणि 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये कर्जात बुडालेला शेतकरी दाखवला.

‘सावकारी पाश’पाशी जरा थांबतो. पौराणिक राजे आणि चमत्कार यांचीच चलती असताना या माणसानं गरीब शेतकऱ्याचं झोपडं पडद्यावर आणलं. ज्या कलावंताचा हात आयुष्यभर महाल रंगवण्यात गेला, त्याला शेणानं सारवलेल्या भिंतीकडे वळावंसं वाटलं, ही मला फार मोठी उडी वाटते. त्यातला तरुण शेतकरी झाला होता शांताराम वणकुद्रे, म्हणजेच आपले व्ही. शांताराम.

त्या कंपनीत कुणी एकाच कामाचा नसे. सकाळी पडदा रंगवायचा, दुपारी दाढी लावून सरदार व्हायचं, रात्री फिल्म धुवायची. शांताराम त्याआधी गंधर्व नाटक मंडळीत होते, हुबळीला रेल्वेच्या कारखान्यातही त्यांनी काम केलं होतं. बाबूरावांकडे ते पडेल ते काम करत वर आले. दामले मूळचे पेणचे. त्यांचा हात यंत्रात आणि रंगात सारखाच चाले. त्यांच्या जोडीला शेख फत्तेलाल, कागलचे. सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. या दोघांची मैत्री पडदे रंगवता रंगवता झाली आणि दामल्यांच्या मरणापर्यंत टिकली. कॅमेऱ्यावर केशवराव धायबर.

बाबूराव मोठे कलावंत होते, पण कंपनीची व्यवस्था त्यांच्या एकट्याच्या मर्जीवर चाले. शिष्यांना वाटू लागलं की आपल्याला आता वेगळं काही करता येईल. 1 जून 1929 रोजी दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. पाचवे भागीदार कोल्हापूरचे सराफ सीतारामपंत कुलकर्णी. सुरुवातीचं सुमारे 15,000 रुपयांचं भांडवल त्यांचं होतं. आता या पाच जणांची वाटणी बघा, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यातूनच निघतो. दिग्दर्शन शांतारामांकडे, कॅमेरा धायबरांकडे, कलादिग्दर्शन फत्तेलालांकडे, यंत्रं आणि प्रयोगशाळा (पुढे ध्वनीसुद्धा) दामल्यांकडे, पैसा कुलकर्ण्यांकडे. प्रत्येक खात्याचा प्रमुख मालक होता आणि स्वतः हात काळे करणारा होता. सेट चांगला झाला नाही तर फत्तेलालांना कुणाला जाब विचारायचीच सोय नव्हती. मालकही तेच आणि रंगारीही तेच.

पहिला मूकपट ‘गोपाळकृष्ण’ 1929 मध्येच आला. मग दोनेक वर्षांत आणखी पाच मूकपट झाले. त्यातल्या शिवाजी महाराजांवरच्या चित्रपटाचं नाव आधी ‘स्वराज्याचं तोरण’ होतं. ‘स्वराज्य’ हा शब्द इंग्रज सरकारला खपण्यासारखा नव्हता, म्हणून नाव बदलून ‘उदयकाल’ करावं लागलं. शिवाजी महाराज झाले होते खुद्द शांताराम.

मूकपटाच्या काळात सेट म्हणजे आमच्या नाटकाच्या सेटचाच थोरला भाऊ होता: लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेलं कापड, त्यावर सरस घालून केलेला रंग, आणि डोक्यावर ऊन मऊ करायला पांढरं कापड. आवाज नव्हताच, त्यामुळे शूटिंग चालू असताना शेजारी हातोडा चालला तरी बिघडत नसे. मार्च 1931 मध्ये मुंबईत ‘आलमआरा’ हा भारतातला पहिला बोलपट लागला आणि हे सगळं एका झटक्यात बदललं. बोलपट आला म्हणजे फक्त नटांना बोलता येऊन भागत नाही. कॅमेऱ्याची घरघर झाकावी लागते. कोरी लाकडी भिंत आवाज परत फेकते, कापडाची भिंत तो गिळते, तेव्हा दोन्हींचा मेळ घालावा लागतो. पार्श्वगायन अजून यायचं होतं, त्यामुळे गाणं नटानं तिथंच, त्याच क्षणी म्हणायचं, आणि पेटी-तबला कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर पण मायक्रोफोनच्या टप्प्यात लपवून बसवायचा. अशा वेळी खांब कुठं उभा करायचा, हे दिसण्यावरून ठरत नाही. त्याच्याआड तबलजी मावतो का, यावरून ठरतं.

दामल्यांनी ध्वनीचं काम स्वतःकडे घेतलं. पडदे रंगवणारा माणूस चाळिशीला टेकला असताना संपूर्ण नवं शास्त्र शिकायला बसला. ‘आलमआरा’नंतर वर्षभराच्या आत, फेब्रुवारी 1932 मध्ये, ‘अयोध्येचा राजा’ आला. तो मराठीतला पहिला बोलपट मानला जातो. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गा खोटे तारामती. संगीतही टेंब्यांचंच. एक व्यवहाराची गोष्टही इथं सुरू झाली. त्याच सेटवर, बहुतेक त्याच नटांना घेऊन चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा दोनदा घ्यायचा. सेटचा खर्च एक आणि बाजार दोन. प्रभातचा हिशेब पुढची दहा वर्षं बराचसा यावर चालला. तुम्ही मराठीत काही करणार असाल तर हा हिशेब शांतपणे समजून घ्या. फक्त मराठी प्रेक्षकांच्या पैशावर एवढा मोठा स्टुडिओ तेव्हाही उभा नव्हता.

पुण्याला जाणं 1933 चं. त्याच वर्षी शांताराम प्रभातचा ‘सैरंध्री’ (बाबूरावांचा 1920 चा नव्हे, हा नवा बोलपट) रंगीत छापून आणायला जर्मनीला गेले. रंग काही मनासारखे उतरले नाहीत. पण तिथले स्टुडिओ, तिथली प्रकाशयोजना आणि यंत्रं त्यांनी डोळ्यांत साठवून आणली. त्याचं फळ म्हणजे 1934 चा ‘अमृतमंथन’, पुण्यातला पहिला चित्रपट. चंद्रमोहन या नटाचा तो पडदाभर डोळा ज्यानं एकदा पाहिला तो विसरत नाही. नेपथ्यकार म्हणून मला त्यातला अंधार जास्त भावतो. सगळा सेट दाखवायचा मोह त्यांनी टाळला. खांबाचा पाय आणि देवीचा एखादा भाग उजेडात, बाकी सगळं काळोखात. खर्चही वाचतो आणि प्रेक्षकाचं मन उरलेलं देऊळ स्वतःच बांधतं. तुमच्या शेडमध्ये मोठा सेट मावणार नाही. ‘अमृतमंथन’ लावून प्रत्येक चौकटीत खरोखर बांधलेलं किती आहे ते मोजा. त्या एका संध्याकाळीत पुस्तकांपेक्षा जास्त शिकाल.

पुण्यातला स्टुडिओ तेव्हा गावाबाहेर होता. आज तो भाग प्रभात रस्ता आणि लॉ कॉलेज रस्ता म्हणून शहराच्या ऐन मध्यात आला आहे. चित्रीकरणाचा मंच, सुतारशाळा, रंगशाळा, कपडेपट, प्रयोगशाळा, संकलन, तालमीची जागा, सगळं एका कुंपणात. आणि नट, गायक, सुतार, शिंपी, सगळे महिन्याच्या पगारावर. काम असो नसो, हजेरी लागे. हे फार महत्त्वाचं आहे, आणि पुढे प्रभातला जड झालं तेही हेच.

आता आपल्या भागाचं. प्रभातचा स्टुडिओ मराठवाड्यात कधी नव्हता. आपण तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. राज्यकारभार उर्दूतून चाले, 1918 मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षणही उर्दूतूनच होतं. ज्या 1929 मध्ये प्रभात निघाली, त्याच वर्षी गश्ती निशाण 53 चा हुकूम आला आणि साधी सभा भरवायलाही सरकारची परवानगी लागू लागली. अशा मुलखात चार माणसांनी एकत्र बसून आपल्या भाषेतलं काही ऐकायचं म्हणजे कीर्तन, भजन, नाटक, आणि मग जत्रेतला तंबूतला सिनेमा. आमच्या घरातली म्हातारी माणसं सांगत की प्रभातचा ‘संत तुकाराम’ पाहायला बाया दशम्या बांधून बैलगाडीतून येत आणि तंबूच्या कनातीबाहेर चपला काढून आत जात. आत देव बसलाय अशीच त्यांची समजूत.

आणि पडद्यावरचे संत कुठले होते? पुण्यातल्या स्टुडिओत उभे राहिलेले बरेच संत गोदाकाठचे होते. 1935 चा ‘धर्मात्मा’ पैठणच्या एकनाथांवर. नाव आधी ‘महात्मा’ होतं. गांधीजींची आठवण होईल म्हणून ते बदलावं लागलं. नाथांनी अस्पृश्याच्या घरी जेवायचं, हा त्याचा गाभा. आणि नाथ झाले होते बालगंधर्व, ज्यांना लोकांनी आयुष्यभर स्त्रीवेशात पाहिलं होतं. प्रभातसाठी त्यांनी केलेला चित्रपट हा एवढाच. 1940 चा ‘संत ज्ञानेश्वर’ म्हणजे पैठणजवळच्या आपेगावचं घराणं, आणि रेड्यामुखी वेद वदवण्याचा प्रसंगही पैठणचाच. ज्ञानेश्वर झाले होते शाहू मोडक, नगरकडच्या ख्रिस्ती घरातले. अगदी शेवटच्या काळात, 1949 मध्ये, ‘संत जनाबाई’ आला. जनाबाई आपल्या गंगाखेडच्या. म्हणून कुणी ‘प्रभातशी आपला काय संबंध’ म्हणालं तर मी सांगतो, भांडवल कोल्हापूरचं होतं, जागा पुण्याची होती, पण गोष्टींचं बियाणं गोदावरीच्या खोऱ्यातूनही गेलं आहे.

या सगळ्यांत ‘संत तुकाराम’ वेगळाच. 1936 च्या डिसेंबरात तो मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि 57 आठवडे हलला नाही. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, भारतीय चित्रपटाला बाहेर मिळालेला तो पहिला असा मोठा मान. दिग्दर्शन दामले-फत्तेलालांचं. म्हणजे ध्वनिमुद्रक आणि कलादिग्दर्शक यांचं. ही गोष्ट मी प्रत्येक शिबिरात मुलांना सांगतो. एक पेणचा ब्राह्मण, एक कागलचा मुसलमान, आणि दोघांनी मिळून देहूचा वाणी असा उभा केला की वारकऱ्यांनी त्याला नमस्कार केला. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस आधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत. जिजाई झालेल्या गौरीबाई कंपनीतच अगदी साध्या कामापासून वर आलेल्या. कारखान्यात माणसं घडतात ती अशी.

या चित्रपटाचं नेपथ्य मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तुकोबांच्या घरात एकही वस्तू शोभेची नाही. चूल जिथं धुरकटायला हवी तिथंच भिंत काळी झाली आहे. उंबऱ्याची झीज मधोमध आहे, कडांना नाही. जिजाई म्हशीशी बोलते तेव्हा ती म्हैस त्या अंगणातलीच वाटते. आजारी पोराच्या काळजीनं भडकलेली जिजाई हातात वहाण घेऊन विठोबाच्या देवळात शिरते, तो प्रसंग आठवा. तो खरा वाटतो कारण आधीच्या तासाभरात त्या घराची गरिबी आपल्या डोळ्यांनी मोजलेली असते. चमत्कारही आहेत, विमानही आहे, पण ते सगळं या चुलीच्या धुरावर उभं आहे. आणि तो गाजलेला ‘आधी बीज एकले’? तो शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिला, आणि अनेकांना तो तुकोबांचाच अभंग वाटला. केशवराव भोळ्यांची चाल इतकी साधी की भजनी मंडळांनी ती आपलीच मानली.

फक्त संतपट म्हणजे प्रभात, असंही धरू नका. 1937 चा ‘कुंकू’ म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या मुलीचा. शांता आपटे आणि केशवराव दाते. त्यात पार्श्वसंगीत नाहीच. घड्याळाची टकटक, भांड्यांचे आवाज, रस्त्यावरून आलेले सूर, एवढ्यावर दोन माणसांमधली घुसमट उभी केली आहे. ध्वनी मुद्रित करायला शिकून जेमतेम पाच-सहा वर्षं झालेल्या कंपनीचं हे काम आहे. 1939 चा ‘माणूस’ हवालदार आणि बाजारबसवीचा. 1941 चा ‘शेजारी’ हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांमध्ये धरणाच्या कामावरून पडलेल्या फुटीचा. हिंदी आवृत्तीत हिंदू ठाकूर मजहर खान झाले आणि मुसलमान मिर्झा गजानन जागीरदार. ही अदलाबदल विचारपूर्वक केलेली आहे. त्यानंतर सातच वर्षांनी, 1948 च्या रझाकार आणि पोलीस कारवाईच्या काळात, आपल्या गावागावांत जे घडलं, ते ऐकलेल्या माणसाला ‘शेजारी’ शांतपणे पाहवत नाही.

मग मिटली का?

लोक एका वाक्यात सांगतात की शांताराम गेले आणि प्रभात संपली. मला हे अर्धवट वाटतं. धायबर त्यांच्या आधीच बाहेर पडले होते. शांताराम 1942 मध्ये गेले आणि त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर काढलं. भागीदारांमधली घरगुती कारणं, कुणाचं लग्न, कुणाची नाराजी, यांवर खूप चघळलं जातं. मला त्यात रस नाही. कारागिराच्या नजरेनं जे दिसतं ते असं: ज्या दिवशी खात्याचा प्रमुख हाच मालक, ही घडी मोडली, त्या दिवसापासून प्रभात दुसऱ्या कुठल्याही कंपनीसारखी झाली. धायबरांच्या जागी कॅमेरामन नेमता येतो, पण भागीदार नेमता येत नाही. शांतारामांच्या जागी दिग्दर्शक आले. राजा नेने, जागीरदार, विश्राम बेडेकर, सगळी गुणी माणसं. 1944 चा ‘रामशास्त्री’ कुठल्याही अंगानं कमी नाही. पण तो घडवताना दिग्दर्शक बदलत गेले, तीन नावं लागली. सुरुवातीच्या प्रभातमध्ये असं झालं नसतं.

त्यात युद्ध. कच्ची फिल्म परदेशातून येई. सरकारनं तिच्यावर नियंत्रण आणलं, परवान्यावर मिळू लागली, आणि चित्रपटाची लांबी 11,000 फुटांच्या आत ठेवण्याचं बंधन आलं. दुसऱ्या बाजूला युद्धाच्या कंत्राटांतून आणि काळ्याबाजारातून झालेला पैसा सिनेमात शिरला. ज्याच्याकडे ना सुतारशाळा ना रंगशाळा, असा माणूस परवाना मिळवून, स्टुडिओ भाड्यानं घेऊन, मोठ्या नटाला प्रभातच्या पगाराच्या कितीतरी पट रक्कम देऊन चित्रपट काढू लागला. नट पगारी राहिला नाही. आणि नट गेला की महिन्याच्या पगारावरचे सुतार, शिंपी, वादक, रंगारी यांचा बोजा तेवढाच राहतो. भाड्याच्या जागेत काम करणाऱ्याचा खर्च चित्रपट संपला की थांबे. प्रभातचा खर्च कधीच थांबत नसे. ज्या व्यवस्थेनं ‘तुकाराम’च्या उंबऱ्याची झीज घडवली, तीच आता महिन्याच्या महिन्याला पैसे मागत होती.

जुलै 1945 मध्ये दामले गेले. माझ्या मते प्रभात खरी तिथं संपली. पुढची काही वर्षं धडपड चालू राहिली. 1946 च्या ‘हम एक हैं’मधून देव आनंद आले, त्याच काळात गुरुदत्तही प्रभातमध्ये काम शिकत होते आणि दोघांची मैत्री तिथंच जमली. म्हणजे माणसं घडवण्याचा गुण शेवटपर्यंत शाबूत होता, पण घडलेली माणसं थांबतील असं काही उरलं नव्हतं. फाळणीनं हिंदी चित्रपटांचा पंजाब-सिंधकडचा बाजार तोडला. शेवटी 1953 मध्ये कंपनी बंद झाली. जागा विकली गेली आणि पुढे सरकारनं ती घेऊन 1960 मध्ये तिथं फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. त्या आवारात आजही प्रभातचा मंच वापरात आहे आणि जुने कपडे, वस्तू, यंत्रं यांचं संग्रहालय आहे. पुण्याला गेलात तर मंडईत आणि तुळशीबागेत वेळ घालवण्याआधी परवानगी काढून तिथं जा. दागिने आणि मुकुट हातभर अंतरावरून पाहा. लांबून सोन्याचे दिसणारे किती साध्या वस्तूंतून केले आहेत ते कळेल.

आता तुमचं. तुम्ही पाच आहात, तेही पाच होते, म्हणून लोक तुम्हाला प्रभात म्हणत असतील. तुमच्या प्रश्नात प्रभातची चौकशी आहे, पण तुमच्यातलं कोण कुठलं खातं सांभाळणार हे नाही. आधी ते ठरवा. पाचही जणांना दिग्दर्शनच करायचं असेल तर शेडचं भाडं भरूच नका. एकानं ध्वनी घ्यायलाच हवा, आणि ज्याच्यावर तो येईल त्याला ती शिक्षा वाटता कामा नये. एकानं पैशाचा हिशेब. तो रोज लिहायचा, महिन्याला नाही. दुसरं, भागीदारीचा कागद पहिल्याच आठवड्यात करा, आणि त्यात एखादा बाहेर पडला तर यंत्रं, नाव आणि झालेल्या चित्रपटांचे हक्क यांचं काय, हे स्वच्छ लिहा. मैत्री चांगली असतानाच हे बोलता येतं. तिसरं, सगळ्यांना पगारावर ठेवायच्या भानगडीत पडू नका. ते दिवस परत येणार नाहीत. पण एक सुतार आणि एक रंगारी मात्र कायमचे जोडून ठेवा, काम नसेल त्या महिन्यात नाटकवाल्यांचे सेट करून द्या. जालना, संभाजीनगर, परभणी एवढ्या टापूत त्यांना वर्षभर काम मिळतं, हे मी अनुभवानं सांगतो.

शेडबद्दल. जिनिंगचं शेड उंच आणि खांबांशिवायचं असतं, ते उत्तम. पण पत्र्याचं छप्पर आवाजाचा वैरी आहे. दुपारी पत्रा तापून कडकडतो, पाऊस आला तर संवाद ऐकूच येत नाहीत, आणि रिकाम्या शेडमध्ये आवाज घुमतो. आम्ही एकदा अशाच जागेत बारदानाचे दोन थर, मध्ये भुस्सा भरून, आतल्या बाजूनं लटकवले होते. घुमणं बरंच कमी झालं, पण बारदान पेट घेतं, त्यामुळे दिव्यांपासून लांब ठेवावं लागलं आणि पाण्याची पिंपं भरून ठेवली. खनिज लोकरीच्या पाट्या आता मिळतात, महाग आहेत पण आगीच्या दृष्टीनं बऱ्या. छपरासाठी मात्र आधी पत्र्याच्या खालून दुसरं छत करावं लागेल, त्याचा खर्च अंदाजपत्रकात आत्ताच धरा. कापसाची रुई सगळीकडे उडालेली असते, कॅमेऱ्याच्या काचेला आणि दिव्यांच्या पंख्यांना ती जाते. महिनाभर आधी शेड धुऊन घ्या. आणि मालकाला लेखी विचारा की दिवाळीनंतर कापूस आला तर तो शेड परत मागणार का. जालन्याकडे हा प्रश्न हमखास येतो.

करार करण्याआधी मला शेड दाखवायला बोलवा. जुलै-ऑगस्टात बोलवा, भर पावसात, आणि सोबत तुमचा ध्वनीवाला मित्र मायक्रोफोन घेऊन येऊ द्या.